भीती हरवलेला मासा

नव्या टाकीत सोडलेला झेब्राफिश प्रथम तळ गाठतो. तिथे काही वेळ तो जवळजवळ निश्चल राहतो, मग दबकत मध्यापर्यंत येतो आणि काही मिनिटांनी वरच्या पाण्यात मोकळेपणाने फिरू लागतो. मनावर परिणाम करणाऱ्या औषधांचा अभ्यास करणाऱ्या अनेक प्रयोगशाळांत ही चाचणी नेहमीची आहे. साधारण सहा मिनिटांचे चित्रीकरण केले जाते. मासा वरच्या अर्ध्या भागात कितव्या सेकंदाला आला, तिथे किती वेळ राहिला, कितीदा थिजला, एवढेच त्यातून टिपायचे. फ्लुओक्सेटिन मिसळलेल्या पाण्यात दोन आठवडे राहिलेला मासा अधिक काळ वर वावरतो. कॅफिनची मात्रा भरपूर वाढवली, तर तो तळ सोडायला तयार नसतो.

कॅमेऱ्याला दिसतात ते केवळ स्थान आणि काळ. ‘चिंता’ हा शब्द त्या आकड्यांत कुठेच नसतो; निरीक्षक तो बाहेरून आणतो. तरीही तो अगदीच उसना म्हणता येणार नाही. माशाच्या मेंदूतील हायपोथॅलॅमस, त्याखालची पीयूषिका ग्रंथी आणि मूत्रपिंडाच्या पुढच्या भागातील पेशी यांची साखळी माणसाच्या ताणव्यवस्थेला समांतर चालते आणि तिच्या टोकाला स्रवणारे संप्रेरकही तेच, कॉर्टिसॉल. उंदरात हे काम मुख्यतः कॉर्टिकोस्टेरॉन करते. म्हणजे या एका बाबतीत बोटभर लांबीचा मासा उंदरापेक्षा माणसाच्या जवळचा आहे!

२०१३ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या संदर्भात फार बोलका आहे. कॉर्टिसॉलला ओळखणारा ग्राही बिघडलेले झेब्राफिश त्यात अभ्यासले गेले. निरोगी मासा पुन्हा पुन्हा त्याच टाकीत सोडल्यावर सरावतो. हे मासे सरावत नव्हते, उलट अधिकाधिक निपचित होत होते. पाण्यात फ्लुओक्सेटिन घातल्यावर त्यांचे वागणे सुधारले. पण आणखी एक उपायही लागू पडला, तो म्हणजे आपल्या जातीचा दुसरा मासा त्यांना दिसू देणे. औषधनिर्मितीच्या बातम्यांत हा दुसरा भाग सहसा येत नाही. त्याचे पेटंट घेता येत नाही, हे कारण असावे.

हा मासा मूळचा आपल्याकडचा. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यांतील संथ ओहोळांत आणि भातखाचरांत तो आजही सापडतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील स्कॉटिश शल्यवैद्य फ्रान्सिस हॅमिल्टन याने १८२२ सालच्या गंगेतील माशांवरील ग्रंथात त्याचे वर्णन केले. ‘डानिओ’ हे त्याचे प्रजातिनाम बंगालीतील ‘धानी’वरून आले असे सांगतात. पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्राइसिंगर यांनी त्याला प्रयोगशाळेत स्थान मिळवून दिले आणि तो शास्त्रीय प्राणी म्हणून भारतात परतला. दिल्लीच्या आयजीआयबीने २००९ मध्ये त्याच्या रानटी वाणाच्या जनुकसंचाचे वाचन जाहीर केले. हैदराबादचे सीसीएमबी, बंगळुरूचे एनसीबीएस, मुंबईचे टीआयएफआर येथेही त्याच्यावर काम चालते.

त्याच्या उपयुक्ततेचे एक कारण अगदी साधे आहे. औषध टोचावे लागत नाही. पाण्यात मिसळले की ते कल्ल्यांवाटे शरीरात जाते. मात्र नेमक्या याच कारणामुळे टाकीबाहेरचा मासाही प्रयोगात ओढला जातो. माणसाने घेतलेल्या गोळीचा काही अंश मूत्रावाटे सांडपाण्यात येतो आणि सांडपाणी शुद्धीकरण केंद्रे असे रेणू काढून टाकण्यासाठी बांधलेली नसतात.

स्वीडनमधील संशोधकांनी, तेही २०१३ मध्येच, पर्च जातीचे मासे ऑक्झाझेपाम या चिंताशामक औषधाच्या लिटरमागे सुमारे दोन मायक्रोग्रॅम एवढ्या सौम्य द्रावणात ठेवले. मासे धीट झाले, कळपापासून दूर राहू लागले, भक्ष्य भराभर खाऊ लागले. २०२५ साली तिथल्याच डाल नदीत क्लोबाझाम दिलेली सामन माशांची पिल्ले तुलनेने अधिक संख्येने समुद्रापर्यंत पोहोचली. ही बातमी वरवर चांगली वाटते. पण त्याच पिल्लांची कळप करून राहण्याची वृत्तीही सैल झालेली होती आणि समुद्रात शिकारी माशांपासून वाचवतो तो कळपच.

टाकीत ज्या वर्तनाला ‘औषध लागू पडले’ असे म्हणतात, त्याच वर्तनाचा नदीत अर्थ होतो ‘हा मासा आता सहज पकडला जाईल’. मापन तेच, त्याच्या मूल्याचे चिन्ह मात्र उलटते.

भारतासाठी ही बाब दूरची नाही. हैदराबादजवळच्या पटणचेरूत औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिनचे प्रमाण लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झाले. औषध घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते. ते प्रतिजैविक होते. त्याची चर्चा प्रतिरोधक जिवाणूंच्या अंगाने झाली आणि ती योग्यच होती. मनावर काम करणाऱ्या औषधांचे मात्र आपल्या नद्यांत कोणी फारसे नाव काढत नाही.

आपल्या पर्यावरण नियमांत सांडपाण्याची जैवचाचणी आहे आणि ती माशांवरच होते. विरळ न केलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत असले, की पाणी उत्तीर्ण. हा निकष वाईट नाही. तीव्र विषाला तो अडवतो. पण त्याच्या लेखी मासा जिवंत असतो किंवा मेलेला. भीती गमावून पृष्ठभागाशी निश्चिंत तरंगणारा मासा त्यात पूर्ण गुणांनी पास होतो.

हे बदलायला महागडी यंत्रणा लागत नाही. एक उंच, अरुंद टाकी, एक साधा कॅमेरा आणि मोफत मिळणारी संगणक-प्रणाली पुरते. ९६ तासांनंतर वाचलेल्या माशांपैकी काहींना एकेक करून त्या टाकीत सोडायचे. प्रत्येकाला सहा मिनिटे.