कापडी हत्ती आणि पिठाचा कोंबडा

दिवाळीच्या आवराआवरीत एका कापड व्यापाऱ्याच्या घरी जुन्या सामानाच्या ढिगात कान उसवलेला एक कापडी हत्ती पडला होता. सहा वर्षांच्या नातीने तो उचलून छातीशी धरला. "आजोबा, याला टाकलं तर दुखेल ना?" "अगं, त्यात जीव कुठे आहे?" आजोबा हसले. उत्तर व्यवहाराला धरून होते. परंतु ते पुरेसे होते काय?

अशा खेळण्यांच्या उद्योगाचा प्रारंभही एका हत्तीपासूनच झाला. जर्मनीतील गिंगेन गावच्या मार्गारेटे श्टाइफ (1847-1909) यांना बालपणीच पोलिओ झाला. पाय लुळे पडले, उजवा हात दुबळा राहिला. तरीही त्या शिवणकामावर चरितार्थ चालवीत. 1880 च्या सुमारास त्यांनी टाचण्या खोचण्यासाठी फेल्टचा छोटा हत्ती शिवला. मुलांनी त्याचे खेळणे केले आणि त्यातून कारखाना उभा राहिला. 1904 पासून तेथील प्राण्यांच्या कानात बटण बसवले जाऊ लागले. संग्राहक आजही प्रथम तेच शोधतात. तेथील एक जुने अस्वल 1994 मध्ये लंडनच्या लिलावात 1,10,000 पौंडांना विकले गेले. मुलाला मात्र किंमत ठाऊक नसते. त्याला सोबत हवी असते. एकाच वस्तूपाशी एकाचा परिग्रह वाढतो, तर दुसऱ्याची माया.

'टेडी' हे नाव अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्यावरून पडले. 1902 मध्ये मिसिसिपीत शिकारीच्या वेळी बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास त्यांनी नकार दिला. ही गोष्ट मुलांना कौतुकाने सांगितली जाते. मात्र ते जखमी अस्वल पुढे त्यांच्याच सांगण्यावरून मारले गेले, हे सहसा सांगितले जात नाही. अर्धी दया अशीच असते.

आपल्या परंपरेत याहून सूक्ष्म विचार आहे. राजा यशोधराने जिवंत पशूचा बळी नाकारला. पण मातेच्या आग्रहापुढे नमून पिठाचा कोंबडा बळी दिला. त्या कोंबड्यात जीव नव्हता, तरी बळी देण्याचा भाव खरा होता. म्हणूनच माता-पुत्रांना अनेक तिर्यंच जन्म भोगावे लागले. सोमदेवसूरींनी 959 मध्ये पूर्ण केलेल्या 'यशस्तिलकचंपू'त ही कथा विस्ताराने आली आहे.

निर्जीव कोंबड्यावर चाललेली सुरी जर कर्मबंधाला कारण होते, तर निर्जीव हत्तीसाठी कळवळलेले मन व्यर्थ कसे म्हणावे? बालकाची करुणा प्रथम कापडावर उमटते. पुढे तीच मुंगीपर्यंत, गाईपर्यंत आणि दुकानातल्या नोकरापर्यंत पोहोचावयाची असते. "त्यात जीव कुठे आहे?" असे म्हणताना आपण नकळत त्या अंकुरावरच पाय देतो.

दुसऱ्या दिवशी दुकानातून परतताना आजोबांनी करड्या कापडाचा एक तुकडा आणला. सामायिकानंतर आजी सुई-दोरा घेऊन बसली. कान शिवून होईपर्यंत नात जागीच होती.