जुन्या पडद्यावरचा उन्हाळा

अमेरिकेतल्या ऑस्टिन शहराच्या पॅरामाउंट थिएटरात १९७५ पासून दर उन्हाळ्यात जुने अभिजात चित्रपट लागतात. घरबसल्या मिळतं ते तिकीट काढून का पाहावं, हा आक्षेप मला उथळ वाटतो. हे चित्रपट एकट्या प्रेक्षकासाठी बनलेच नव्हते. विनोदानंतरची उसंतसुद्धा भरल्या सभागृहाचा हशा गृहीत धरून बेतलेली असते. अशा खेळांना जोडलेल्या खास संकल्पना, वेशभूषा हे निव्वळ चाळे आहेत, असंही म्हणतात. पण १९१५ साली उघडलेली ही वास्तू मुळात व्हॉडव्हिलच्या, म्हणजे गाणी-नाच-विनोदाच्या, जिवंत खेळांसाठी होती, आणि १९६६ साली ‘बॅटमॅन’ चित्रपटाचा पहिला खेळ इथेच झाला, तोही नटांच्या उपस्थितीत. उत्सव तिच्या स्वभावातच आहे. म्हणूनच ‘कासाब्लांका’सारखा जुना चित्रपट तिथे पुन्हा पुन्हा लागावा. तरुणांनी तो अनोळखी माणसांच्या शेजारी बसून प्रथम पाहावा, असं मला मनापासून वाटतं.