उसना तुंबा

आमच्या स्वयंपाकघरात खिळ्याला एक तुंबा टांगलेला आहे. वाळवलेल्या भोपळ्याचा, मानेशी काळा पडलेला. तो आमचा नव्हे. उसना आणलाय, आणि त्याला चाळीस वर्षं होऊन गेली.

बाबा १९५८ मध्ये खारेपाटण सोडून भिलाईला आले. ४ फेब्रुवारी १९५९ला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पोलाद प्लांटची पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, तेव्हा आपण गर्दीत होतो, हे ते येईल त्या पाहुण्याला ऐकवत. भट्टीचा लोहदगड राजहऱ्याहून यायचा. आम्हा प्लांटच्या पोरांचं दक्षिणेकडचं जग तिथेच, रुळांबरोबर संपायचं. पुढे बस्तर. तिकडे मुद्दाम कोण जातंय?

१९८४ मध्ये मी निघालो, नारायणपूरची मडई, म्हणजे तिथली जत्रा, बघायला. राजहऱ्यापर्यंत पॅसेंजर, पुढे बस. अंतागढ सोडल्यावर बस बिघडली आणि तेवढ्यातच मला हुडहुडी भरली. त्यानंतरचं तुटक आठवतं. कुणाची तरी ओसरी, खाट, धुराचा वास. एक म्हातारी वाकून विचारत होती, "तुचो नाव काय आय?"

तापातही मी दचकलो. मला कळलं होतं की! घरात मालवणी, शाळेत हिंदी, रस्त्यावर छत्तीसगढी, आणि इथे सालाच्या रानात ही बाई 'चो' लावून माझं नाव विचारते. तिच्या त्या बोलीचं, हलबीचं, मराठीशी नातं आहे, हे पुढे कधीतरी वाचलं. त्या दिवशी मला वाटलं, भ्रम झाला. मग तिनं पानाच्या दोन्यातून काहीतरी पाजलं. काय, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पेज." आईची पेज तांदळाची. ही मंडियाची, म्हणजे आपल्या नाचणीची, आंबूस. दोन दिवस मी त्यावरच होतो.

तिसऱ्या दिवशी बस मिळाली. निघताना तिनं तुंबा पाण्यानं भरून हातात दिला. नातवानं हिंदीत बजावलं, बाजाराच्या दिवशी परत आणायचा. भेट नव्हती ती. तिला तुंबा हवा होता.

मडई राहिलीच. घरी आलो तो मलेरिया घेऊन. मग परीक्षा, मग प्लांटमधली नोकरी. कारणं चांगली होती सगळी. आईनं कुंपणावर भोपळ्याचा वेल चढवला, निदान बदली तरी पाठवू म्हणून. एक फळ वाळत ठेवलं, ते आतून सडलं.

ऑगस्ट २०२२ मध्ये पॅसेंजर अंतागढपर्यंत जाऊ लागली. रावघाटचा लोहदगड आणायला टाकलेले रूळ ते. मी तोवर निवृत्त झालेला. तुंबा पिशवीत घालून गेलो. तिनं माझं नाव विचारलं होतं. मी तिचं विचारलं नव्हतं, गावाचंही नाही. शोधणार काय? बाजारात चार बायांना तुंबा दाखवला. एकीनं बोटानं टकटक वाजवून पाहिला, काहीतरी बोलली, सगळ्या हसल्या.

परतीच्या गाडीत समोरच्या पोरानं विचारलं, "ये तुंबा काकर ए, बबा?"

"मोर नोहय," म्हटलं.

राजहरा येईपर्यंत तो एकदा माझ्याकडे, एकदा तुंब्याकडे बघत राहिला.