नावं वाचायची पहाट

फाल्गुन सरता सरता कुंभिवलीच्या आजूबाजूच्या टेकाडांवर कुंभ्याला फूल येतं. थंडीत तांबडी पडलेली पानं तोवर गळून गेलेली असतात, झाड जवळजवळ उघडं असतं. फूल उमलतं रात्री. पांढुरक्या पाकळ्या, मधे गुलाबी केसरांचा झुबका. सकाळी माळावर जावं तर ते खाली पडलेलं, अजून ओलसर. खोडावर मात्र वणव्याची काजळी. कुंभ्याची साल जाड आणि भेगाळलेली, म्हणून आग गाभ्यापर्यंत पोचत नाही. याच सालीच्या धाग्यांची जामगी वळून जुन्या काळी बंदुकीला बत्ती देत. आगीला वात पुरवणारं आणि आगीतून वाचणारं असं हे झाड. गावाच्या नावातही मला तेच ऐकू येतं.

लहान असताना एकदा असंच पडलेलं फूल उचलून मी आईला विचारलं होतं, "आई, हे झाड पण मेलेलं उठलं का गं?" आठवडाभरावर ईस्टर होता, डोक्यात तेच. आई थांबली. म्हणाली, "झाड मेलं कुठं होतं? पानं टाकून बसलं होतं ते. मेलेलं माणूस असा ऋतू बघून परत येत नाही, बाळा."

ईस्टरच्या प्रवचनांत पालवीचा, फुलपाखराचा, अंड्याचा दाखला हटकून येतो, आणि दर वेळी मला आईचं हे वाक्य आठवतं. पालवी नियमाने फुटते, तिला कुणी हाक मारावी लागत नाही. माणूस मात्र गेला की गेला. ज्याने घरातलं मरण पाहिलंय त्याला हे सांगावं लागत नाही. ख्रिस्ती माणूस ईस्टरच्या पहाटे जे मानतो ते सृष्टीच्या कुठल्याच नियमात बसत नाही, आणि हे आधी कबूल केल्याशिवाय पुनरुत्थान हा शब्द उच्चारू नये असं मला वाटतं.

आमचा हा सण चंद्रावर चालतो. २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार घ्यायचा. सगळ्या मंडळ्यांनी तो एकाच दिवशी पाळावा हे इ.स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत ठरलं. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मधे कुठंतरी येतो. २०२६ मध्ये चैत्री पौर्णिमा २ एप्रिलची. त्या दिवशी सकाळी मारुतीच्या देवळात सुंठवडा वाटला जाईल आणि संध्याकाळी आम्ही प्रभूच्या शेवटच्या भोजनाची आठवण करू. पाच तारखेला, रविवारी, ईस्टर.

त्याआधीचे चाळीस दिवस कॅथलिक देवळांत राखेने सुरू होतात. गेल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावायची आणि ऐकून घ्यायचं की तू माती आहेस. खालापूर-कर्जतकडे राब भाजायचेही हेच दिवस. कवळं, शेण, पालापाचोळा पसरून वर मातीचा हात द्यायचा आणि पेटवायचं. रोपाची जागा काळीठिक्कर पडते आणि मृगापर्यंत तशीच पडून राहते. मग तिच्यात भाताचं बी पडतं. पौलाने करिंथच्या मंडळीला मरणाबद्दल लिहिताना पेरलेल्या दाण्याचाच दाखला घेतला. तो मला पटतो तो एवढ्यासाठी, की पेरणाऱ्याला दाणा मुठीतून सोडावाच लागतो. एकदा सोडला, की पुढचं काही त्याच्या हातात उरत नाही.

आई नगरकडची. वडिलांच्या कारखान्यातल्या नोकरीबरोबर ती घाटाखाली आली. या पट्ट्यात आमच्यासारखी घरं विखुरलेली, कुणी या मंडळीचं, कुणी त्या. पण माहेरची एक रीत तिने सोडली नाही. ईस्टरला उजाडायच्या आत दफनभूमीत जायचं. आदल्या दिवशी कबरींवरचं गवत काढून चुना दिलेला असायचा. अंधारात मेणबत्त्या लावायच्या, एक गीत म्हणायचं, प्रार्थना करायची. मग आई पिशवीतून घरचं पवित्र शास्त्र काढायची.

त्याची सुरुवातीची कोरी पानं आता कोरी राहिलेली नाहीत. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मरण, सगळं तिथं लिहिलेलं. आधी पणजोबांचं बोरूचं वळणदार अक्षर, मग आजोबांची निळी शाई आता करडी पडलेली, मग आईचं बॉलपेनचं बारीक, थोडं डावीकडे झुकलेलं अक्षर. गेलेल्यांच्या नावापुढे 'मयत' असं कुठंच नाही. 'प्रभूमध्ये झोपी गेले' असं आहे आणि तारीख आहे. सहा दिवसांचं होऊन गेलेलं एक बाळ आहे. त्याचाही पूर्ण नावाने उल्लेख आहे, वडिलांच्या नावासकट.

ही सगळी नावं आई मोठ्याने वाचायची. सावकाश, हजेरी घेतल्यासारखी. प्रत्येक नावानंतर थोडी थांबायची. आम्हा मुलांना थंडी वाजायची, झोप यायची. आता कळतं, ती पूर्वेला उजाडेपर्यंत वाचन पुरवायची. शेवटचं नाव आणि पहिला उजेड बरोबर गाठायची.

योहानाच्या शुभवर्तमानात त्या पहिल्या रविवारी मग्दालीया मरिया कबरीबाहेर रडत उभी आहे. समोर येशू उभा आहे आणि तिला तो ओळखू येत नाही. तिला तो माळी वाटतो. देह कुठं नेऊन ठेवलास तेवढं सांग, मी घेऊन जाते, असं ती त्याला विनवते. त्या वेळी तिच्या मनात पुनरुत्थान वगैरे काही नाही. तिला फक्त आपल्या माणसाचा देह हवा आहे. आणि मग तो तिला नावाने हाक मारतो. फक्त नाव, पुढे काही नाही. त्या हाकेने ती ओळखते. दोन हजार वर्षं ज्यावर मंडळी उभी आहे ते ओळखणं असं एका नावाने घडलं. आई दफनभूमीत नावं का वाचायची, याचं उत्तर मला या प्रसंगात सापडतं. एक दिवस ज्या नावाने हाक येणार आहे, ते आपण विसरून चालणार नाही.

मार्काच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत तर शेवट आणखी बोचरा आहे. स्त्रिया कबरीपासून पळत सुटतात आणि भीतीपोटी कुणाला काही बोलत नाहीत. तिथंच ग्रंथ संपतो. रिकाम्या कबरीपुढची पहिली भावना आनंदाची नव्हती. देह सापडला नाही, हा आधी धक्काच होता.

हे मला नीट कळलं ते आमच्याच तालुक्यात.

१९ जुलै २०२३. अधिक श्रावण नुकताच लागला होता. रात्री इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर डोंगर खाली आला. ठाकर आदिवासींची वाडी, वर जायला गाडीरस्ता नाही. मदतीला निघालेली माणसं पावसात, चिखलात, अंधारात पायवाटेने चढली. त्या चढावर नवी मुंबई अग्निशमन दलाच्या एका अधिकाऱ्याचा जीव गेला. यंत्रं वर नेता येईनात, म्हणून कुदळ-फावड्याने उकरावं लागलं. २३ जुलैला शोध थांबवला. तोवर २७ देह मिळाले होते. ५७ माणसं मिळाली नाहीत. ती डोंगरातच राहिली.

त्या आठवड्यात आई रोज संध्याकाळी एकच विचारायची, "आज किती मिळाले?" तेवीस तारखेला बातमी ऐकून ती म्हणाली, "थांबवलं म्हणजे? ते तिथंच?" मी काही बोललो नाही. त्या रात्री ती जेवली नाही.

पुढचा ईस्टर ३१ मार्च २०२४ चा. आईला चालवत नव्हतं, तरी आली. नावं वाचून झाली. शास्त्र मिटेल असं वाटलं, तर तिने पान उलटलं आणि वाचलं, "इर्शाळवाडीचे सत्तावन्न." आणि थांबली, प्रत्येक नावानंतर थांबायची तशीच, पण खूप वेळ. पूर्वेला उजाडून गेलं तरी ती थांबलेलीच होती.

परतताना मी विचारलं, ते तर आपल्यातले नव्हते, त्यांचे देव वेगळे, रीत वेगळी. ती म्हणाली, "त्यांचं त्यांच्याकडं होईल. मी काही त्यांना आपल्यात ओढत नाही. पण ज्यांना माती द्यायला देहच मिळाला नाही, त्यांच्यासाठी दोन घटका उभं राहायला कुणाची परवानगी लागते का?"

मी पुष्कळदा विचार केला आहे, की इथं ईस्टर काय बोलू शकतो. यरुशलेमेतल्या त्या स्त्रियांनाही देह मिळाला नाही आणि इर्शाळवाडीच्या लेकीसुनांनाही नाही. पण या दोन गोष्टी एका ओळीत बसवायचा मला अधिकार नाही. ज्याचं अख्खं घर मातीखाली गेलं त्याच्यापुढे जाऊन 'तो उठला आहे' असं म्हणणं, ही श्रद्धा नव्हे, क्रूरपणा होईल. वाचलेल्यांसाठी चौक गावाजवळ नवी घरं उभी राहिली हे चांगलं झालं. पण नव्या घराने जुनी माणसं परत येत नाहीत.

मग श्रद्धावान माणसाने आज या सणाचं काय करायचं? मला एवढंच सापडलं आहे, की उठलेल्या ख्रिस्ताच्या हातांवर खिळ्यांचे वण तसेच होते. थोमाला त्याने तेच दाखवले. देवाला सगळं नवं करता येतं, तर वण पुसणं काय अवघड होतं? पण ते राहू दिले. मरण खोटं होतं, जखम भ्रम होती, असं पुनरुत्थान म्हणतच नाही. ते म्हणतं, जे झालं ते झालं, आणि तरीही त्याचा शब्द शेवटचा नाही.

श्रीलंकेतल्या नेगोंबोच्या ख्रिस्ती लोकांना हे आमच्याहून चांगलं ठाऊक आहे. २१ एप्रिल २०१९, ईस्टरचाच रविवार. भरल्या देवळांत आणि हॉटेलांत बॉम्ब फुटले, त्या एका दिवशी देशात अडीचशेहून अधिक माणसं गेली. संत सेबास्टियनच्या देवळात उठलेल्या ख्रिस्ताच्या मूर्तीवर उपासकांचं रक्त उडालं. देऊळ पुन्हा उभं राहिलं, पण ती मूर्ती त्यांनी रक्ताच्या डागांसकट जपून ठेवली.

आपल्या मराठीतही जपण्याची ही परंपरा आहे. फादर स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, पुढे आणखी दोनदा छापलं गेलं, आणि त्या जुन्या छापील प्रतींपैकी आज एकही हाती नाही. तरी ग्रंथ गेला नाही. कुणीकुणी हाताने उतरून ठेवला, घरोघरी गायला, आणि त्या हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला गेला. ज्यांनी दिव्याच्या उजेडात हजारो ओव्या उतरवल्या त्यांतल्या बहुतेकांची नावं आपल्याला माहीत नाहीत. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा त्यांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट होतं. लग्नानंतर अक्षरं गिरवलेल्या, नवरा ख्रिस्ती झाला म्हणून एके काळी उरी फुटलेल्या त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते हाती घेतलं आणि बहुतेक अध्याय स्वतः लिहिले. गेलेल्या माणसाचं वाक्य जिथं तुटलं तिथून पुढे त्या लिहीत गेल्या. पुनरुत्थान देवाने करायचं. आपल्या वाट्याला येतं ते हे: उतरून ठेवणं, पुढे लिहिणं, नावं वाचणं.

आई २०२४ च्याच पावसाळ्यात गेली. तिसऱ्या दिवशी मी ते शास्त्र उघडलं. तिच्या अक्षरातली शेवटची ओळ आहे, 'इर्शाळवाडीचे सत्तावन्न, १९ जुलै २०२३.' पुढे तिने जागा सोडली आहे, बरीच, जवळजवळ अख्खं पान. मला वाटतं, कधीतरी नावं मिळतील आणि इथं लिहिता येतील अशी ती जागा आहे. म्हणून आईचं नाव मी त्या जागेत लिहिलं नाही, पुढच्या पानावर लिहिलं. पूर्ण नाव, तारीख, आणि 'प्रभूमध्ये झोपी गेली'.

पाच एप्रिलला मी पहाटे जाईन. तिच्यासारखं उजेडाशी वाचन जुळवणं मला अजून जमत नाही, माझी नावं अंधारातच संपतात. मग मी उभा राहतो, उजाडेपर्यंत.

तुम्ही ख्रिस्ती असा की नसा, तुमच्याही घरात अशी नावं असतील. कुठल्या वहीत, कुठल्या तसबिरीमागे, कुणा म्हाताऱ्या आत्याच्या तोंडी. ती या रविवारी मोठ्याने वाचा, सहा दिवसांच्या बाळाचंसुद्धा. आणि ज्यांचं नाव कुणालाच सांगता येत नाही, त्यांचा निदान आकडा चुकू देऊ नका.