डग्ग्याच्या डाव्या अंगाला

डाव्या मनगटाचा दाब आता पूर्वीसारखा राहिला नाही. डग्ग्याची मींड मुलांना वाजवून दाखवणं कमी झालं, तसा त्यांनी काय आणि कुठून ऐकावं याचा विचार वाढला. बोल पाठ करून घेण्याआधी लहान मुलाला भरपूर ऐकू द्यावं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. लोणार म्हटलं की लोक सरोवराचं विचारतात, पण इथल्या पोरांच्या कानावर बोबडे बोल फुटायच्या आधीच सप्ताहातला टाळ-मृदंग पडतो. तरीही केहरव्यात ती अडतात ती खालीवरच. धा गे ना ति, न क धिं ना. पाचव्या-सहाव्या मात्रेला डग्गा घुमता कामा नये, आणि नेमका तिथेच यांचा डावा हात घुमतो. लय पक्की, हात बसलेला, खाली मात्र गायब. इतकं ऐकूनही असं का व्हावं? मला यात सप्ताहातल्या भोंग्याचा हात दिसतो. कर्ण्यातून टाळ आणि चाट खणखणीत येतात, खर्ज गळून जातो. मोबाइलचंही तेच. त्यातून ‘धा’ आणि ‘ना’ जवळपास सारखेच ऐकू येतात. मग भरी कुठली नि खाली कुठली, हे पोराने ओळखावं कशावरून? पखवाजाच्या कणीक लावलेल्या पुडीशेजारी बसलेल्या मुलाला तो घुमारा मांडीखालच्या सतरंजीतूनही कळतो, आणि थांबला की थांबलेलाही कळतो.

यावर कुमार गंधर्वांचा दाखला हटकून येतो. १९२४चा जन्म, आणि लहान वयातच तबकड्या ऐकून गाणं हुबेहूब उतरवत. खरं आहे, पण गळ्याची फिरत तबकडीत शिल्लक राहते, डग्गा राहत नाही. शिवाय पुढे मुंबईत शिकायला देवधरांसमोर बसावं लागलंच. जपानचे संगीतशिक्षक सुझुकी यांनी मुलांना घरी रोज रेकॉर्ड ऐकवायला सांगितलं, तेही व्हायोलिनसाठी. परीक्षेचे क्लास घेणारे म्हणतात, टाळी-खाली हातावर दाखवली की झालं. खूण पाठ होते, डावा हात आवरत नाही. त्यांच्या मुलांचे निकाल माझ्यापेक्षा चांगले लागतात हे मला झोंबतं, आणि एखाद्याची खाली स्वच्छ पडली की ‘कोणाचा शिष्य?’ असं कुणीतरी विचारावं, ही हावही सुटलेली नाही. तूर्त मुलांना भोंग्यापासून उठवून पखवाज्याच्या डाव्या बाजूला बसवा, एवढंच सांगत असतो. पखवाजी कुरकुरतात, पोरं कणकेला बोटं लावतात म्हणे, आणि ती तक्रार रास्त आहे.