आवळलेली मूठ

आपल्याच देहात नव्याने जागी झालेली भूक कोणती आणि तिला नाव काय द्यावे हेही ज्या वयाला उमगत नाही, त्या वयाच्या मुलीने एका रक्तपिपासू पिशाचाची प्रेमकथा रात्र जागवून वाचावी, यात मला विस्मय वाटत नाही. माझ्या भाचीने स्टेफनी मेयर या अमेरिकन लेखिकेची २००५ साली प्रसिद्ध झालेली 'ट्वायलाइट' मला आग्रहाने वाचायला दिली, तेव्हा ती सोळा वर्षांची होती. पुस्तकाच्या काळ्याभोर मुखपृष्ठावर दोन फिकट हातांच्या ओंजळीत एक लालभडक सफरचंद होते, आणि सतत हाताळून त्याच्या कडा पांढुरक्या झाल्या होत्या.

पिशाच जुनेच आहे. १८१९ साली पॉलिडोरी या लेखकाने त्याला उमरावाचा पोशाख चढविला आणि १८९७ साली ब्रॅम स्टोकरने त्याला ड्रॅक्युला हे नाव दिले. परंतु त्या दोघांच्याही पिशाचांच्या भुकेवर कसलाच अंमल नव्हता. मेयरबाईंचा एडवर्ड मात्र १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत, शिकागोत, सतराव्या वर्षी मरणाच्या दारी असताना एका डॉक्टरने पिशाचयोनीत ओढून वाचविलेला, तेव्हापासून सतराच वर्षांचा राहिलेला, आणि माणसाच्या रक्ताला स्पर्श न करता रानातील जनावरांवर गुजराण करणारा असा आहे. वॉशिंग्टन राज्यातील फोर्क्स या गावी त्याचे कुटुंब राहते, कारण तिथले आभाळ सदैव पावसाने भरलेले असते आणि उन्हात चमकून उठणारी त्यांची त्वचा लोकांच्या नजरेपासून लपून राहते.

या गावच्या शाळेत, जीवशास्त्राच्या तासाला, नवी आलेली बेला त्याच्या शेजारी येऊन बसते आणि तो बाकाच्या पार दुसऱ्या टोकाला सरकून, श्वास कोंडून, मांडीवरची मूठ इतकी आवळून धरतो की फिकट कातडीखालच्या शिरा ताठ उभ्या राहतात. तिला वाटते, हा आपला तिरस्कार करतो. ती मूठ तिच्या रक्षणासाठी आवळलेली होती, हे तिला आणि आपल्याला पुष्कळ पुढे कळते. आणि मला वाटते, या कथांची सारी मोहिनी त्या एका मुठीत साठवलेली आहे. पुरुषाच्या बळाचे भय जिला घरीदारी न सांगताच शिकविले जाते, त्या मुलीला इथे असा कोणी भेटतो की ज्याच्या बळाला सीमा नाही, ज्याची तृष्णा तिच्याचसाठी आहे, आणि जो त्या दोहोंना क्षणोक्षणी आवर घालतो.

म्हणूनच तो रात्री तिच्या नकळत खोलीत शिरून तिला निजलेली पाहत बसतो, हे मला साफ नामंजूर आहे, आणि तसे मी भाचीला सांगितलेही. घरातल्या कोणी बोलावल्यावाचून पिशाचाला उंबरठा ओलांडता येत नाही, हा 'ड्रॅक्युला'तील जुना दंडक अधिक शहाणा होता. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "मामा, तुम्ही दुसरा भाग वाचा."

२००६ सालच्या त्या दुसऱ्या भागात, आपण अठरा वर्षांच्या झालो आणि तो सतराच राहिला, या जाणिवेने बेला व्याकूळ होते. स्वप्नात तिला आजी दिसते आणि ती आजी म्हणजे आरशातली आपणच, हे तिच्या ध्यानी येते. पुढे तो तिला सोडून जातो. त्यानंतरच्या पानांवर मजकूर नाही: ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, एकेका पानावर एकेका महिन्याचे केवळ नाव. कोवळ्या वयातील दुःखाची इतकी सच्ची नोंद मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे, कारण त्या वयात एखादा महिना खरोखरच असा, नावापुरता, निघून जातो.

भाचीच्या प्रतीत, डिसेंबरच्या कोऱ्या पानावर, अगदी तळाशी, पेन्सिलीने बारीक अक्षरांत एक तारीख घातलेली होती. ती कशाची, हे मी तिला विचारले नाही.