रेल्याच्या फेरात शेजारी कोण

मी झाडीपट्टीची नटी. दिवाळी झाली की वडशातल्या नाट्यमंडळांच्या कचेऱ्या गजबजतात, गावोगावच्या तारखा ठरतात आणि तिथून होळीपर्यंत आमची रात्र स्टेजवर जाते. मंडईची जत्रा किंवा बैलांचा शंकरपट असलेल्या गावात रात्री उशिरा उघडलेला पडदा उजाडतानाच पडतो. या कामानं माझं पोट भरलं आणि हजारभर माणसांपुढं तोंड उघडायची हिंमतही दिली. म्हणून भामरागडकडच्या एका आश्रमशाळेतल्या शिक्षिकेनं विचारलं, "ताई, सुट्टीत आमच्या मुलींचं नाटकाचं शिबिर घ्याल का?" तेव्हा मी दुसरा विचार केला नाही.

जिल्हा एकच, गडचिरोली. पण आमच्या वडसा-आरमोरीकडं धानाच्या बांध्या आणि झाडीबोली, तिकडं जंगल आणि माडिया. एक गोष्ट मात्र दोन्हीकडं सारखी. नक्षल चळवळ या मुलखात 1980 च्या सुमारास आली आणि जिल्हा झाला 1982 साली, म्हणजे बंदूक जिल्ह्याच्या आधीची. 1 मे 2019 ला कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला भूसुरुंग फुटून 15 जवान आणि गाडीचा चालक गेले, तेव्हा कितीतरी दिवस त्या वाटेनं जाताना आमच्या गाडीत कुणी बोलत नसे. मी शिकवायला गेले त्या मुली मात्र जन्मल्या तेव्हापासून हेच पाहत होत्या.

मुलींची नावं मी लिहिणार नाही, गावंही नाही. त्या भागात कुणाचं नाव कुठल्या कागदावर आहे यावर माणसं मेली आहेत.

पोहोचल्यावर पहिल्या संध्याकाळी मुलींना म्हटलं, तुमचं एखादं गाणं म्हणा. सगळ्या एकमेकींकडं बघत राहिल्या. मग एकीनं विचारलं, "कोणतं? मेळाव्यातलं?" माझ्यासोबत दुभाषी म्हणून अंगणवाडीच्या बाई होत्या, माडिया आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या. त्यांनी रात्री चुलीपाशी मला नीट समजावलं. अंदरवाल्यांची, म्हणजे नक्षल्यांची, चेतना नाट्य मंच नावाची टोळी गावात यायची, ढोल वाजायचा, रेला नाचाच्या चालीवर क्रांतीची गाणी व्हायची आणि त्या गाण्यांच्या मागे मागे कुणाच्या तरी पोरी निघून जायच्या. दुसरीकडं सरकारी मेळावे. तिथंही रेला नृत्याच्या स्पर्धा, बक्षिसं, पाहुण्यांचं स्वागत आणि जनजागृतीचे बोल. दोन्हीकडून चाल मुलींची आणि शब्द दुसऱ्याचे. बाई म्हणाल्या, "ताई, या पोरी कुणापुढं गायला लागल्या की आधी बघतात, ऐकणारा कोणत्या बाजूचा आहे."

त्याच रात्री आम्ही दोघींनी ठरवलं की शिबिराला प्रमुख पाहुणे नकोत, बक्षीस नको, बॅनर नको. स्टेजसुद्धा नको. शिक्षिकेला ते अवघड गेलं, कारण फोटो पाठवल्याशिवाय वरून पैसे सुटत नाहीत. तरी तिनं ते अंगावर घेतलं.

रेल्यात बायका-मुली फेर धरतात. दोघी ओळ टाकतात, बाकीच्या उचलतात, "रे रेला" म्हणत पाय पडत राहतात. मुली ज्या पद्धतीनं हात गुंफत होत्या ती मी तिथंच पहिल्यांदा जवळून पाहिली. शेजारणीच्या पाठीमागून हात न्यायचा आणि तिच्या पलीकडच्या मुलीचा हात धरायचा. त्यामुळं फेर दोरासारखा वळला जातो, मध्येच कुणी सुटू शकत नाही.

त्या गटात एक मुलगी होती, तिच्या बापाला पोलिसांचा खबरी म्हणून रात्री उठवून नेलं आणि सकाळी रस्त्यावर टाकलं. दुसरीची मोठी बहीण नक्षल्यांच्या दलममध्ये गेलेली. दोघी एकाच वर्गात, पण जेवायच्या पंगतीतही एकमेकींपासून लांब. पहिल्या दिवशी फेर धरताना दोघींनी शेजारी यायचं टाळलं आणि मध्ये तिसरीला घेतलं. आणि हात मागून पलीकडं न्यायचा असल्यामुळं नेमका त्या दोघींचाच हात एकमेकींच्या हातात आला. मी फेराच्या बाहेर उभी होते, मला त्या तिसरीच्या पाठीमागं ते हात दिसत होते. धरले नव्हते, बोटांची टोकं नुसती टेकवली होती. पण सोडलेही नाहीत, कारण सोडले असते तर फेर तुटला असता आणि सगळ्यांनी विचारलं असतं. दुसऱ्या दिवशी दोघी फेराच्या दोन टोकांना उभ्या राहिल्या. त्या शेवटपर्यंत मैत्रिणी झाल्या नाहीत आणि व्हाव्यात म्हणून मी काही केलं नाही. नदीच्या पुराचं गाणं बांधताना मात्र एकीनं टाकलेली ओळ दुसरीनं उचलली. इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या तिन्ही नद्या भामरागडला मिळतात, पावसाळ्यात पूल बुडतो आणि गाव तुटतं. त्या पुराला बाजू नसते, म्हणून त्यावर गाता येतं, असं मला वाटलं.

मेलेल्यांविषयी कुणी बोललं नाही, आम्हीही विचारलं नाही. माडिया आदिवासींमध्ये मृताच्या आठवणीसाठी दगड उभा करायची जुनी चाल आहे. त्यात नक्षल्यांनी आपल्या माणसांची लाल स्मारकं बांधली, पोलिसांनी ती पाडली, नक्षल्यांनी मारलेल्यांचीही स्मारकं काही गावांनी उभारली. माणूस गेल्यावरही कुणाच्या बाजूचा हे विचारलं जातं. अशा ठिकाणी पंधरा वर्षांच्या मुलीला "तुझी कहाणी सांग, मन मोकळं कर" म्हणणं मला क्रूर वाटतं. तिची कहाणी सांगितली की ती कुणाच्या तरी विरोधातली साक्ष होते. शहरातून येणाऱ्या चांगल्या माणसांना मुलींचे अश्रू हवे असतात, त्यातच त्यांना कामाचा पुरावा दिसतो. मी वीस वर्षं स्टेजवर रडते आहे. ते रडणं माझ्या भूमिकेचं असतं आणि पडदा पडला की संपतं. स्वतःचं दुःख असं रोज रात्री बाहेर काढायला लावलं असतं तर मी वेडी झाले असते.

म्हणून नाटकाचा विषय मुलींनीच निवडला, एसटी. 1 जानेवारी 2025 ला अहेरी ते गर्देवाडा बस पहिल्यांदा सुरू झाली, तेव्हापासूनचं एसटीचं अप्रूप तिकडं अजून ओसरलेलं नाही. बाकं जोडून बस झाली. कंडक्टर झाली ती वर्गात कधी न बोलणारी एक बारकी मुलगी. कानावर पेन, खांद्याला दप्तर, आणि आवाज असा की मी चमकले. माडियात ओरडायची, "पुढं सरका, कोंबडीचं वेगळं तिकीट!" मोहफुलाचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं तीनदा खाली उतरवलं. प्रत्येकीला विचारायची, कुठं जायचं. कुणी अहेरी म्हणे, कुणी आलापल्ली, एकीनं नागपूर म्हटल्यावर सगळ्या हसल्या. एक मुलगी गप्पच राहिली. कंडक्टरनं तिला नुसतं बघितलं आणि शेवटच्या थांब्याचं तिकीट फाडून दिलं, "बस, वाटेत आठवलं तर सांग." हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं. इतकी वर्षं रंगमंचावर काढून सांगते, अशी हजरजबाबी नटी मंडळाला एका हंगामात मिळाली तर मालक नारळ फोडेल.

शिबिरातल्या तीन-चार मुली मधले काही दिवस आल्या नाहीत. पाळीच्या दिवसांत बाईनं गावाकडच्या कुर्मा घरात राहायचं, ही तिकडची रीत. मी कुर्म्याची बाजू घेणार नाही. ओल, अंधार, सापकिरडाची भीती, आजारी बाईला वेळेवर दवाखाना नाही, हे सगळं मी तिथं पाहिलं. अंगणवाडीच्या बाईंनी मला एका कुर्म्यापाशी नेलं ते वेगळ्या कारणानं. आत दोन म्हाताऱ्या आणि आमच्या दोन मुली होत्या. पुरुष त्या बाजूला फिरकत नाहीत आणि पाहुणेही येत नाहीत. तिथं म्हाताऱ्या लग्नाची लांबलचक गाणी मुलींना शिकवत होत्या, जी आम्हाला शाळेत कुणी ऐकवली नव्हती. बाहेर उभी राहून मी ऐकलं. रेकॉर्ड करू का, असं विचारलं तर एक म्हातारी नाही म्हणाली. मी फोन पिशवीत ठेवला. कुर्मा जायला हवा याबद्दल माझ्या मनात शंका नाही, पण तो जाईल तेव्हा बायकांना अशी एक जागा हवी जिथं कुणी त्यांच्यावर नजर ठेवत नाही. कोरड्या भिंतीची, दिवा-पाणी असलेली, आणि दाराची कडी त्यांच्या हातात असलेली.

आता दिवस बदलत आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये नक्षल नेता भूपती 60 साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला, गेलेल्या काही पोरी परतल्या. परतलेल्यांनाही गावात शेजार लागतो आणि त्यांच्याशी बोलावं कसं, हे पुनर्वसनाच्या कुठल्या पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं. दलममध्ये गेलेली ती बहीण परतली की नाही, मी विचारलं नाही.

पुढचं शिबिर अंगणवाडीच्या बाई घेणार आहेत, मी मदतीला. मुलींशी त्यांच्या भाषेत बोलणारी, त्यांचं हसणं-रुसणं ओळखणारी बाई असताना वडशाच्या नटीनं पुढं उभं राहायचं काही कारण नाही. तेंदूपत्त्याच्या दिवसांत घरची सगळी माणसं जंगलात असतात, मुलीही, त्यामुळं तो हंगाम आटोपल्यावरच तारीख धरायची आहे. बाईंचं एकच म्हणणं आहे: मला मिळतं तेवढंच मानधन त्यांना मिळावं आणि ते दुभाषी म्हणून नको, शिबिर घेणारी म्हणून. शिक्षिकेनं तसा कागद वर पाठवलाय. त्यावर मीही सही केली आहे आणि माझ्या नावापुढं मदतनीस असं लिहिलं आहे.